कर्दळीची कमान

खोटं बोलत असेन तर तोंडातली उरलेली एकुलती दाढ आत्ता या घडीला हातावर पडो. तुळजापूरच्या आईची आण घेऊन सांगते, जळत्या चुलीला हात लावून सांगते, ह्यातला शब्द न शब्द खरा हाय. ज्याला पटायचं न्हाय त्यानं आत्ताच उठून जावं, मधी उठलेलं मला खपत न्हाय.

तर झरीन मुरुमच्या गाडीतून उतरली, काखेत नकाशाची गुंडाळी, आणि लगबगीनं गल्लीच्या तोंडाशी आली, तर समोर ही भली मोठी कमान! दोन्हीकडं वेळू रोवलेले, त्याला तळापासून शेंड्यापर्यंत हिरवीगार रुंद पानं बांधलेली, पानांतून लालभडक फुलं डोकावलेली, आणि वर मधोमध पुठ्ठ्यावर खडूनं काढलेलं 'सुस्वागतम्'.

झरीनच्या काखेतली गुंडाळी सुटून धुळीत पडली.

"कशी दिसती?" कमानीखाली रुद्रम्मा कमरेवर हात ठेवून उभी होती. ही झरीनच्या भिंतीला भिंत लागून राहणारी. घरात कानडी, दारात मराठी, आणि भांडताना दोन्ही.

"मावशी," झरीननं कमानीकडं बोट केलं. "ही कर्दळ कुठली?"

"कुठली म्हणजे? आपलीच की. तुझ्या वाफ्यातली."

"सगळी?"

"सगळी! एक मागं ठेवली न्हाय. एवढा मोठा साहेब यायलाय, त्याला कमी पडू द्यायचं व्हय?"

आता झरीनच्या काखेतली गुंडाळी का सुटली ते सांगायला थोडं मागं जावं लागतंय. गावाचं नाव विचारू नका, मुरुमपासून फार लांब न्हाय एवढंच सांगते. गाव वाढलं, ग्रामपंचायतीची नगरपंचायत झाली, घराघरात नळ आले. पाणी आलं तसं सांडपाणीबी आलं, पण ते जाणार कुठं हे कुणाच्या डोक्यात आलं न्हाय. वरच्या अंगाच्या साऱ्या घरांचं पाणी उघड्या गटारीनं उतरत उतरत ह्या खालच्या गल्लीत यायचं नि रुद्रम्माच्या मातीच्या भिंतीमागच्या खोलगटात साठून राहायचं. वास असा, की मुलगी बघायला आलेले पाव्हणे गल्लीच्या तोंडाशीच चहा पिऊन माघारी फिरायचे. लग्नाच्या पोरी तशाच राहिल्या. डास तर एवढे, की एकदा रुद्रम्माची कोंबडी दोघांनी मिळून उचलली होती. दोन हात वर गेली, मग जड झाली म्हणून सोडली. हसू नका, माझी दाढ अजून जाग्यावर हाय.

झरीन ह्या गल्लीत सून म्हणून आली तेव्हा तिच्याजवळ डिप्लोमाचा कागद होता. तो पेटीत पडला आणि तिच्या हातात पोळपाट आलं. नवरा वसीम सोलापूरला टेम्पो चालवायचा, आठ-पंधरा दिवसांनी यायचा. अशी वर्षं गेली. मग एक दिवस तिनं सासूला सांगितलं, की तिला पुढं शिकायचंय, धाराशिवच्या कॉलेजात, इंजिनियर व्हायचंय.

सासू बेगमबी. अंगानं काडी, जिभेनं कुऱ्हाड. दोन दिवस बोलली न्हाय. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "जा. पण भाकरी करून जा."

तेव्हापासून झरीन पहाटेची गाडी धरून जायची, दिवेलागणीला यायची. शेवटच्या वर्षाला तिला शाश्वत विकास म्हणून विषय लागला. रात्री पाठ करताना बेगमबी खाटेवरून विचारायची,

"अगे, शाश्वत म्हंजे क्या?"

"म्हणजे अम्मी, एकदा केलं की चालत राहणारं. पुढच्या लेकराबाळांनाबी पुरणारं. मधीच न थांबणारं."

"त्याला कॉलेजात कशाला जायला पायजे? रुद्रम्माचं तोंड बघ."

भिंतीपलीकडून लगेच आवाज यायचा, "ऐकू येतंय मला!"

प्रकल्प करायची वेळ आली तेव्हा बाकीच्या पोरांनी धरणं घेतली, उड्डाणपूल घेतले. झरीननं गल्लीतली गटार घेतली. बेगमबीनं कपाळावर हात मारला. "लोकांच्या सुना सोनं मागत्यात, माझी गटार मागती!"

पण झरीननं धरलं ते सोडलं न्हाय. भिंतीमागच्या खोलगटात लांबट खड्डा काढला, तळाला प्लॅस्टिकचा कागद अंथरला, त्यात आधी जाड खडी, मग बारीक खडी, मग वाळू भरली आणि वर कर्दळ लावली. वरच्या तोंडानं घाण पाणी आत घ्यायचं, ते खडीतून मुळांतून झिरपत झिरपत पुढं सरकायचं आणि खालच्या तोंडानं निवळ होऊन बाहेर पडायचं. ना वीज, ना मोटार. गल्लीतल्या बायकांनी घमेली वाहिली. पहिल्यांदा लाजेनं, मग हट्टानं. कर्दळ अशी माजली की झरीन तिच्यात उभी राहिली तर दिसायची न्हाय. वास गेला. खालच्या तोंडाला येणाऱ्या पाण्यावर रुद्रम्मानं लिंबू लावलं.

आणि तेवढ्यात नगरपंचायतीचा पाइप मंजूर झाला. गल्लीतलं सगळं पाणी पाइपात घालायचं आणि सरळ ओढ्यात सोडून द्यायचं. गल्ली स्वच्छ. पण ओढ्याच्या काठाला खालची वस्ती, आणि वस्तीला प्यायला एकच हातपंप, तोबी ओढ्याला चिकटून. आपली घाण उचलून दुसऱ्याच्या हंड्यात टाकायची, असलं इंजिनियरिंग झरीनला बघवंना. ती नगरपंचायतीत गेली. तिथले इंजिनियर इंद्रजित साहेब, नवीनच आलेले. माणूस वाईट न्हाय, पण घाईतला. म्हणाले, "ताई, पाइप येऊन पडलेत, जेसीबी ठरलाय. शुक्रवारी मी येतो, तुमच्या कॉलेजातल्या मॅडमना घेऊन येतो. तुमचा वाफा डोळ्यांनी बघतो. पटला तर पाइपाची लाइन ह्या गल्लीऐवजी दुसरीकडून वळवतो. न्हाय पटला तर त्याच दिवशी खोदकाम."

तो शुक्रवार आज होता. आणि वाफा कमानीवर बांधलेला होता.

झरीन पळतच भिंतीमागं गेली. खडीतून नुसती बुडखी वर आलेली, विळ्यानं तिरकी कापलेली, कापल्या जागी पाणी सुटलेलं. वाफ्याच्या कडेला खाट टाकून बेगमबी बसली होती आणि तिच्या पायाशी विळा होता. घरातलाच.

"अम्मी! तुम्हीबी?"

"क्या हुआ?" बेगमबीचा चेहरा उजळलेला होता. "मीच विळा दिला. रुद्रम्माचा बोथट हाय."

"अहो, पण कापली कशाला?"

"तूच बोलली ना काल, साहेब कर्दळ बघायला यायलाय म्हणून? मग त्याला एवढ्या लांब भिंतीमागं चालायला लावायचं? आम्ही म्हटलं, दारातच दिसू दे."

मागून रुद्रम्मा आली, तिच्यामागं आणखी चार-पाच जणी. "सत्यनारायणाला केळीचे खुंट बांधतो का न्हाय दाराला? मोठ्या माणसाला मोठा मान. केळी कुणाच्या दारात हायत इथं? कर्दळच मोठी."

झरीनला ओरडायचं होतं. पण कुणावर ओरडणार? ज्या बायांनी घमेली वाहिली त्यांनीच कापली, आणि कापली ती तिच्याच मानासाठी. ती खाटेवर बसली.

"मावशी, अम्मी, अहो ते कर्दळीचं कौतुक बघायला न्हाय येत. ती उभी हाय का, जगती का, पाणी पिती का, हे बघायला यायलेत. आता त्यांना नुसती खडी दिसणार. म्हणतील, वाफा मेला. आणि तो बघा कोपऱ्यावर."

सगळ्यांनी मान वळवली. गल्लीच्या कोपऱ्यावर पिवळा जेसीबी उभा होता, वर बब्रुवान नावाचा गडी तंबाखू मळत बसलेला. शेजारी काळ्या पाइपांची चळत.

बेगमबीनं पायानं विळा खाटेखाली सरकवला.

"परत फुटती का गं?" रुद्रम्मानं हळूच विचारलं.

"फुटती. मुळं हायत खाली. पण आज न्हाय फुटत."

तेवढ्यात फोन वाजला. शिवप्रिया मॅडमचा. झरीनच्या प्रकल्पाला मार्गदर्शन करणाऱ्या ह्याच. म्हणाल्या, साहेबांच्या जीपमध्येच आहे, येणेगूरच्या पुढं आलोय, पोचतोच.



आणि मग रुद्रम्माच्या डोक्यात ते आलं. "अय्यो! एवढं तोंड काय पाडायचं त्यात? कमान सोडायची आणि खोचायची परत खडीत! कुणाला कळतंय?"

"नको मावशी."

"का नको? मुळासकट हाय का बिनमुळाची, साहेब काय उकरून बघणार हाय?"

"खोटं होईल ते."

"अगे, कमान बी खोटीच असती की," बेगमबी म्हणाली. "ती चालती, हे का नक्को?"

झरीननं कोपऱ्यावरच्या जेसीबीकडं बघितलं. मग खडीकडं. मग खाली ओढ्याच्या अंगाला, वस्तीतली एक बाई हातपंपाच्या दांड्यावर सगळं अंग टाकून पाणी उपसत होती, तिच्याकडं.

"खोचा," ती म्हणाली.

मग काय विचारता! कमानीच्या मागच्या अंगाची पानं सुटली, समोरची तशीच राहिली. बायका साड्या खोचून वाफ्यात उतरल्या. झरीन स्वतः उतरली. कर्दळीचं एकेक ताट उचलायची, खडीत दोन्ही हातांनी भोक करायची, ताट दाबायची, पुन्हा दुसरं. बघता बघता अर्धा वाफा उभा राहिला. हिरवा, लाल, झकास. रुद्रम्मा तर म्हणाली, आधीपेक्षा ओळीत दिसतंय.

झरीन शेवटचं ताट दाबून वर आली आणि सवयीनं खालच्या तोंडाकडं बघितलं, जिथून निवळ पाणी पडायचं.

गढूळ पाणी पडत होतं. काळपट, फेसाळ, वरच्यासारखं.

तिच्या लक्षात आलं. आधी कापायला बायका नाचल्या, मग खोचायला सगळ्या नाचल्या. खडीत महिन्यांचा साठून बसलेला गाळ पायांनी ढवळून निघाला होता. तो खाली बसायला वेळ लागणार. आणि खोचायला नसत्या उतरल्या, तर एव्हाना निम्मा तरी बसला असता.

कोपऱ्यावर जीपचा हॉर्न वाजला.

आता ऐका कशी ओढाताण झाली ते. झरीनला वाटलं, साहेबांना थोडा वेळ बाहेरच थोपवावं, तेवढ्यात पाणी निवळंल. पण तिनं वाफ्याकडं बघितलं तर खोचलेल्या ताटांची वरची पानं माना टाकायला लागली होती. ऊन असं की ताकसुद्धा उभ्या उभ्या तापावं. थोपवलं तर पाणी निवळणार पण पानं सुकणार, आणि लवकर आणलं तर पानं ताजी पण पाणी गढूळ. तिला काय करावं ते सुधरंना.

तिचं सुधरायच्या आधी रुद्रम्मानं कमानीखाली साहेबांना धरलं होतं. ओवाळलं. कुंकू लावलं. टोपी घातली. टोपी मोठी झाली, साहेबांच्या डोळ्यावर आली. मॅडमची ओटी भरली. मग चहा आला. झरीन मागं उभी राहून नखं खात होती. साहेब बशीत चहा ओतून फुंकर घालत होते आणि भिंतीपलीकडं एकेक पान वाकत होतं.

"छान कमान हो," साहेब म्हणाले. "कुठून आणली एवढी कर्दळ?"

रुद्रम्मा बोलायच्या आत झरीन म्हणाली, "सर, वाफा बघायला चला ना."

"चहा तर होऊ द्या."

"गार झाला की प्या सर. चला."

मॅडमनी तिच्याकडं चमकून बघितलं. झरीन अशी बोलणारी मुलगी न्हाय.

भिंतीमागं आल्यावर साहेब थांबले. लांबून वाफा बरा दिसला. ते खाली वाकले, खिशातून रिकामी बाटली काढली आणि खालच्या तोंडाला धरली. भरली. उन्हाकडं धरून बघितली. बाटलीत अंधार होता.

"हे काय?" ते म्हणाले. "हे तर वरच्यासारखंच आहे."

मॅडम म्हणाल्या, "असं कसं? झरीन, परवा तू फोटो पाठवला त्यात तर निवळ होतं."

कोपऱ्यावर बब्रुवाननं जेसीबी चालू केला. गल्लीच्या पत्र्यांना थरथर सुटली. तो वरूनच ओरडला, "साहेब, लावू का? टाइम चाललाय!"

साहेबांनी घड्याळ बघितलं. रुद्रम्मानं झरीनला कोपर मारलं, म्हंजे काहीतरी बोल. थाप मार. वरून कुणी रंग सोडला म्हण, म्हशी धुतल्या म्हण. झरीनच्या जिभेवर तसलं काहीतरी आलंबी होतं.

ती पुढं झाली, साहेबांच्या समोरचं ताट धरलं आणि उपटलं. अलगद हातात आलं. खाली मूळ न्हाय, तिरका विळ्याचा काप.

"सर, कापलेलं हाय. सगळं कापलेलं हाय. तुमच्या स्वागताला कापलं आणि मग घाबरून खोचलं. खोचायला मी होते. आमच्या पायांनी गाळ उठला म्हणून पाणी गढूळ झालं. काल निवळ होतं."

मॅडमनी डोळे मिटून घेतले.

"म्हणजे मला फसवत होता?" साहेब म्हणाले.

"व्हय सर."

"आणि तरी मी वाफा ठेवावा म्हणता?"

झरीन खडीत गुडघ्यावर बसली. दोन्ही हातांनी खडी बाजूला केली, कोपरापर्यंत हात घातला आणि एक गड्डा उघडा केला. पांढऱ्या मुळांचं जाळं, खडी न् खडी धरून बसलेलं. "पानं पाणी साफ करत न्हायत सर. हे करतंय. हे जागेवर हाय. मी खोटं बोलले, पण हे खोटं न्हाय. संध्याकाळपर्यंत थांबा. गाळ बसंल. न्हाय बसला, तर मी स्वतः बब्रुवानभाऊंना हाक मारते."

साहेब म्हणाले ते सगळ्यांना झोंबलं. "पाणी निवळेलही. पण ताई, तुम्ही उद्या पास होणार, नोकरीला लागणार. मग हे सांभाळणार कोण? ह्या? ह्यांनी तर आजच कापून ठेवलं. असं काम टिकतं होय?"

झरीनला वह्यांमधलं सगळं आठवलं आणि एकबी शब्द कामाला आला न्हाय. ती मातीच्या हातांनी तशीच बसून राहिली.

उत्तर दिलं ते रुद्रम्मानं. "साहेब, तुमचा पाइप कोण सांभाळणार?"

"नगरपंचायत."

"वरच्या आळीत घातलाय की पाइप तुमच्याच नगरपंचायतीनं. तुंबला तवा कोण आलं? आमीच वेळू घालून ढोसला. नवरे नाकाला फडकी लावून उभे होते. पाइप तुंबला तर आत काय अडकलंय दिसत न्हाय. हे दिसतंय तरी. आज कापायची न्हाय हे कळलं, आता कोण कापतंय बघू. हात तोडीन."

"तुझाच तोडावा लागंल," बेगमबी खाटेवरून म्हणाली.

"विळा कुणाचा होता गं?"

"मी दिला, म्हणून मीच राखणार. मला क्या काम हाय दुसरं? इथंच बसते मरेपर्यंत. साहेब, बसा. भाकरी खा. गाळ काय, मन बी बसतंय थोड्या वेळात."

साहेब हसले न्हायत. पण बब्रुवानकडं हात करून त्यांनी यंत्र बंद करायला लावलं आणि खाटेच्या कडेला टेकले.

मग ती दुपार सुरू झाली. अशी दुपार मी आयुष्यात पाहिली न्हाय. अख्खी गल्ली भिंतीमागं बसलेली आणि सगळ्यांचे डोळे वीतभर नळीच्या तोंडावर. कुणी वाफ्याजवळ पाऊल टाकलं की रुद्रम्मा "ब्याड, ब्याड!" म्हणून ओरडायची, म्हंजे नको नको, कानडी न येणारासुद्धा जागच्या जागी थिजायचा. एक कुत्रं पाणी प्यायला आलं तर चौघीजणी त्याच्यावर धावल्या. खोचलेली ताटं एकेक करून आडवी झाली, ती कुणी उचलली न्हायत. साहेबांनी भाकरी, शेंगदाण्याची चटणी खाल्ली, मॅडमनी नुसता कांदा चावला. झरीननं पाण्याचा घोटसुद्धा घेतला न्हाय. मधी बब्रुवान दोनदा येऊन विचारून गेला. दुसऱ्यांदा आला तो माघारी गेलाच न्हाय, उकिडवा बसून तोबी नळीकडं बघायला लागला.

साहेब अधूनमधून बाटली भरायचे, उन्हाकडं धरायचे, ओतून द्यायचे. काळं. मग राखेसारखं. मग ताकाच्या निवळीसारखं. बेगमबी तसबीचे मणी ओढत होती, आणि रुद्रम्माचे ओठ कोणत्या देवाचं नाव घेत होते कुणास ठाऊक, बहुतेक सगळ्यांचंच.

उन्हं कलली. साहेबांनी बाटली भरली आणि उन्हाकडं धरली. पलीकडून त्यांची बोटं दिसली. नुसती बोटं न्हाय, बोटातल्या अंगठीचा खडासुद्धा दिसला.

मॅडमनी बाटली हातात घेतली. झरीनकडं बघितलं आणि म्हणाल्या, "खोचाखोचीचे मार्क कापणार आहे मी. लक्षात ठेव." पण बाटली त्यांनी हातातून सोडली न्हाय.

साहेब उठले, पँट झटकली. झरीनला म्हणाले, "पाइपाची लाइन वरच्या रस्त्यानं वळवायचा कागद मी उद्याच करतो." आणि बब्रुवानला म्हणाले, "ने यंत्र."

आणि तो पिवळा जेसीबी गल्लीच्या तोंडातून मागं मागं जात वळला आणि मुरुमच्या रस्त्याला लागला. बायकांनी अशी आरोळी ठोकली की मुरुमच्या बाजारात लोकांनी माना वर केल्या.

झालं. संपली गोष्ट. उठा.

बसलात का अजून? असं माझ्या तोंडाकडं बघू नका.

बरं. एक गोष्ट मी घातली, तेवढी एकच. बाटलीतून बोटं दिसली ते खरं, साहेबांनी कागद केला तेबी खरं. कोंबडीचंबी खरं. पण जेसीबी माघारी गेला न्हाय. नुसता त्या दिवसापुरता थांबला. साहेबांचा कागद वर गेला आणि वरून फोन आला, की पाइप येऊन पडलेत, वळवायचं काय न्हाय. साहेब स्वतः सांगायला आले होते, दारातच उभे राहिले, आत या म्हटलं तरी आले न्हायत. झरीन पास झाली, लई चांगली पास झाली. तो निकाल आणि तो जेसीबी एकाच आठवड्यात आले.

बब्रुवाननं यंत्र वाफ्यापाशी आणलं आणि वरून म्हणाला, "ताई, तुम्ही घरात जावा. बघू नका."

तोवर कर्दळ गुडघ्याएवढी फुटली होती.

झरीन घरात गेली न्हाय. ती वाफ्याच्या आणि रुद्रम्माच्या भिंतीच्या मधल्या बोळात जाऊन उभी राहिली, जिथली भिंत बब्रुवानला वरून दिसत नव्हती, पण तिचा हात दिसत होता. पदर डोक्यावरून घट्ट बांधला आणि हात वर केला.

"डावीकडं घ्या भाऊ. अजून. इकडं भिंत मातीची हाय, आत माणसं राहत्यात. हां. आता सोडा."

लोखंडी दात खडीत उतरले. ती हातानं खुणा करत राहिली, थांबा, वर, हळू, आता घ्या, शेवटची घमेलंभर खडी निघेपर्यंत. रुद्रम्माच्या भिंतीचा पोपडासुद्धा पडला न्हाय.